बोंबील दुसऱ्या फेरीत गेला की

हवाबीच्या मेसमध्ये एकदा भाकरी खाल्लेला माणूस पुन्हा दुसरीकडे जेवायला जायचा नाही. मस्कतला वादी कबीरमध्ये गॅरेजांच्या मागे एक पिवळट बिल्डिंग आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर ही मेस. कोकणातला पोरगा गॅरेजात कामाला लागला की पहिल्या आठवड्यातच त्याला कुणीतरी सांगायचं, ‘हवाबीकडे जा रे. तांदळाची भाकरी मिळते, आईच्या हातची.’ आता आईच्या हातची कसली डोंबलाची! हवाबीची बोटं संधिवातानं कधीच वाकडी झाली होती. भाकरी थापायची सफूरा, तिची सून. मेस हवाबीची, नाव हवाबीचं, आणि तव्यासमोर पहाटेपासून उभी सफूरा. जगात हे असंच चालतं, त्यात नवल करण्यासारखं काही नाही.

सफूरा म्हसळ्याकडची, खाडीकाठच्या एका वाडीतली. बाप होडीवर, आई सुईण. वाडीतल्या निम्म्या पोरांना जगात आणलं ते तिच्या आईनं, त्यात हिंदू-मुसलमान असा हिशेब नव्हता. लहानपणी सफूरा कंदील धरायला आईबरोबर जायची. बाई कितीही किंचाळत असली तरी आईनं तिचा हात हातात घेतला की ती जरा निवायची, दात आवळून का होईना पण ऐकायची. सफूराच्या डोक्यात तेव्हापासून एक पक्कं बसलं होतं. मूल होतं ते आईचा हात धरल्यावर. दुसरं कसं होत असेल, याचा तिनं कधी विचारच केला नव्हता.

लग्न झालं यासिरशी. तो मस्कतला कामाला, म्हणजे नावाला मस्कतला; साइट होती लांब दुक्मला आणि घरी यायचा महिन्यातून एकदा. पोरगा वाईट नव्हता. पण ‘अम्मा म्हणेल ते’ यापलीकडे त्याला वाक्य येत नव्हतं. सफूरा पहिल्यांदा निघाली तेव्हा वाडीतलाच एकनाथ सुट्टी संपवून त्याच विमानानं परत चालला होता. वादी कबीरला डेंटर होता, गाड्यांचे पत्रे ठोकायचा. सफूराच्या बापानं विमानतळावर त्याचा खांदा धरला. ‘एकनाथा, पोरीवर लक्ष ठेव रे.’ एकनाथ म्हणाला, ‘चाचा, ती काय परकी आहे? माझी बहीणच ती.’ आणि खरंच, पुढे तो हवाबीच्या मेसमध्येच जेवायला यायला लागला. भावाला बहिणीच्या हातची भाकरी मिळाली आणि बहिणीला काय मिळालं, ते ऐका आता.

मेसच्या हॉलमध्ये एक टीव्ही होता. त्याची तबकडी गच्चीवर. ओमप्रकाश नावाचा एक एसीवाला तिथे जेवायचा, त्याला भारी हौस. मराठी मालिका लागतात का बघतो म्हणून एका शुक्रवारी गच्चीवर चढला, तबकडी फिरवली आणि सगळे चॅनल घालवून बसला. राहिले दोन-चार अरबी आणि एक कुठल्याशा गोऱ्यांच्या भाषेतला खेळांचा. दुसऱ्या दिवशी घरमालकानं गच्चीला कुलूप ठोकलं आणि ‘खलास’ म्हणून चावी खिशात घातली. त्या हिवाळ्यात त्या खेळांच्या चॅनलवर दर शनिवार-रविवारी एकच गोष्ट लागायची. बर्फाच्या डोंगरावर एक भलीमोठी घसरगुंडी, पायाला लांबच लांब फळ्या बांधलेले पोरगे तिच्यावरून सुसाट खाली यायचे आणि टोकाला आले की हवेत झोकून द्यायचे. थेट उडायचे. अंग पुढे टाकून, फळ्या फाकवून, आणि कितीतरी लांब खाली जाऊन टेकायचे. ज्याला मस्कतच्या उन्हात दिवसभर पत्रा ठोकायचाय, त्याला हे बघून काय वाटत असेल? पहिल्यांदा सगळे हसले. मग हळूहळू चटक लागली. माणसाला रिकाम्या डोळ्यांनी जेवता येत नाही.

त्यात हवाबीनं एक पोरगा धरला. लुकडा, गालफडं बसलेली, ओठ थंडीनं फुटलेले. झेंडा तीन पट्ट्यांचा. पण त्या बर्फातल्या निम्म्या देशांचे झेंडे तसेच, त्यामुळे कुठला ते कुणालाच नीट कळलं नाही. हवाबीनं त्याचं नाव ठेवलं बोंबील. सुका बोंबील. उडी मारून झाली की तो कॅमेऱ्यापाशी यायचा, नाक पुसायचा, काहीतरी पुटपुटायचा. हवाबी टीव्हीसमोर पाय पसरून बसलेली असायची, तिच्या डोळ्यांना पाणी यायचं.

‘बघा रे मेल्यांनो, कसं उपाशी ठेवलंय लेकराला! हलका असला की लांब उडतो म्हणे. म्हणून खायला देत नाहीत. काळीज आहे का दगड? या अल्ला!’

सफूरा आतून हे ऐकायची. तिच्या परातीत सगळ्यांचं जेवून झाल्यावर जे उरेल ते तिचं जेवण. भातात खरवड आणि कालवणात काटे. पोटुशी राहिली तरी त्यात फरक पडला नाही. ‘आमच्या वेळी काय बदाम खायचो काय गो?’ असं हवाबी म्हणायची आणि दोन मिनिटांनी त्या गोऱ्या पोरासाठी पदर डोळ्यांना लावायची. याला काय म्हणायचं? मी तर याला हरामखोरी म्हणेन.

खेळाची रीत अशी. पहिल्या फेरीत सगळे उडी मारतात, त्यातले फक्त पहिले तीस दुसऱ्या फेरीत जातात. बाकीचे फळ्या खांद्यावर टाकून घरी. बोंबील कायम घरी जाणाऱ्यांतला. कधी चाळिसावा, कधी त्याच्याही मागे. हवाबी दर आठवड्याला त्याच्यासाठी दुवा मागायची आणि तो दर आठवड्याला आपटायचा.

नोव्हेंबर संपता संपता सफूराला पाचवा चालू होता. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काय हवाबीला माहीत नव्हती? सातव्यात माहेरची माणसं ओटी भरतात आणि पोरीला घेऊन जातात. पण सफूरा गेली की किमान चार-पाच महिने परत येत नाही. आणि मग भाकरी कोण थापणार? मेस बसली असती. हे हवाबी तोंडानं कधी बोलली नाही. सफूरानं विषय काढला की ती म्हणायची, ‘बघू.’ यासिरला फोन केला की तो म्हणायचा, ‘अम्माला विचार.’ पासपोर्ट हवाबीच्या लोखंडी कपाटात, कपाटाची चावी हवाबीच्या कमरेला.

मग एका शनिवारी सफूरानं सगळ्यांच्या पंगतीत विचारलं. मुद्दाम. चार माणसांत सासू नाही म्हणणार नाही, असा तिचा बिचारीचा हिशेब. हवाबीनं टीव्हीवरची नजर काढली नाही. तिकडे बोंबील नुकताच त्रेचाळिसावा आला होता.

‘जाशील गो. कोण नाही म्हणतंय? माझा बोंबील दुसऱ्या फेरीत गेला की सफूरा माहेरी. ही हवाबीची जबान.’

पंगतीत हशा पिकला. स्पेअरपार्टच्या दुकानातले हुसैनमियाँ, वयानं सगळ्यांत मोठे, ते मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘वाह! क्या बात है!’ सफूरा मात्र हसली नाही. तिला एक गोष्ट ठाऊक होती. हवाबी कितीही खाष्ट असो, चार माणसांत दिलेला शब्द तिनं आजवर मोडला नव्हता. आपल्या शब्दाचा तिला फार माज. सफूरानं मनात तो शब्द गाठ मारून ठेवला. आणि त्या दिवसापासून, बर्फ कधी हातात धरलं नाही अशी ही खाडीकाठची पोर, त्या उडीच्या खेळाकडे जिवाच्या आकांतानं बघायला लागली.

एका हातानं भाकरी थापायची आणि स्वयंपाकघराच्या दारातून टीव्हीवर डोळा. बोंबील घसरगुंडीच्या माथ्यावरच्या दांड्यावर येऊन बसला की तव्यावरची भाकरी उलटायची राहायची. आधीच्यांच्या उड्या बघून वारा समोरून येतोय की मागून हे तिला कळायला लागलं. समोरून वारा आला तर पोरगा उचलला जातो. मागून आला की धपकन खाली. ती मनातल्या मनात समोरचा वारा मागायची. पोटातलं मूल हलायला लागलं होतं. ते नेमकं बोंबील हवेत असतानाच लाथ मारतं, असं ती एकनाथला सांगायची आणि एकनाथ हसायचा. ‘बघ सफू, यंदा जाशीलच तू. माझं मन सांगतंय.’

डिसेंबरमध्ये तो एकदा अठ्ठाविसावा आला. हॉलमध्ये आरडाओरडा झाला, सफूराच्या हातातली परात खाली पडली. आणि थोड्या वेळानं पाटीवर त्याचं नाव एकदम तळाला गेलं. सगळ्यात शेवटी, नावापुढे आकडाच नाही. का ते कुणालाच कळेना. मग ओमप्रकाशनं मोबाइलवर शोधून सांगितलं, त्याचा उडीचा पोशाख अंगापेक्षा सैल निघाला. सैल कपड्यात वारा भरतो, लांब जाता येतं, म्हणून मापात बसला नाही तर बाद. पोरगा इतका वाळला होता, की त्याचे स्वतःचे कपडे त्याला मोठे झाले होते.

‘दुसऱ्या फेरीत गेला नाही ना? मग नाही,’ हवाबी म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. बोंबलासाठी.

नवीन वर्षाच्या आसपास चार डोंगरांवर चार मोठ्या स्पर्धा असतात. चारही ठिकाणी बोंबील पहिल्याच फेरीत गारद. इकडे जानेवारी निम्मा सरला, सातवा लागला. आता विमानात बसायचं तर डॉक्टरचं पत्र लागणार होतं, आणि आणखी दीड-दोन महिन्यांनी पत्र असूनही कुणी बसू देणार नव्हतं. माहेरची माणसं काय समुद्र ओलांडून ओटी भरायला येणार? आईनं फोनवर सांगितलं, ‘मी हिरवी साडी घेऊन ठेवलीय गो. तू फक्त ये.’ सफूरा फोन ठेवून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. हवाबीनं बाहेरून दार वाजवलं, ‘पाणी फुकट येतं का गो?’

आणि मग जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ते झालं.

हवाबी त्या दिवशी सोहारला गेली होती, भाचीच्या मंगनीला. दुसऱ्या दिवशी परतणार होती. संध्याकाळी पंगत बसायच्या वेळेला टीव्ही चालू होता. बोंबील दांड्यावर बसला, हात सोडले, खाली आला आणि झेपावला. सफूरा तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात येऊन उभी राहिली होती. तो जात राहिला. जिथे तो नेहमी टेकायचा ती रेघ मागे पडली, तोवरच्या सगळ्यांत लांब उडीची हिरवी रेघ आली आणि मग तो एक पाय पुढे टाकून अलगद उतरला. त्याच्यानंतर बरेच जण उडायचे होते. एकेक जण उडत गेला, बोंबील एकेक नंबर खाली सरकत गेला, आणि हॉलमध्ये कुणी घास उचलेना. शेवटी पाटी थांबली. सत्ताविसावा. पोशाखही मापात निघाला. थोड्या वेळानं तो खरोखर दुसऱ्यांदा वर जाऊन दांड्यावर बसला.

हॉल दणाणून गेला. ओमप्रकाश नाचला. हुसैनमियाँनी ‘सुभानअल्ला’ म्हणून टोपी डोक्यावरून काढून हवेत उडवली. आणि एकनाथनं, हो एकनाथनंच, स्टीलच्या ताटावर चमचा बडवत ओरडून सांगितलं, ‘सफू, बॅग भर! उद्या हवाबी आली की पहिला मी सांगतो!’

सफूरानं गॅस बंद केला. आईला फोन लावला. दोघी इतकं रडल्या की बोलणं कुणालाच कळलं नाही. मग तिनं पलंगाखालून बॅग ओढली आणि भरायला बसली. त्या नादात भाकऱ्या राहिल्या. ओमप्रकाश खाली जाऊन बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, खुबूसची पाकिटं घेऊन आला. खुबूस म्हणजे अरबी रोटी, गार आणि चिवट. माशाच्या कालवणात बुडवला तरी घशाखाली उतरेना. पंगतीतला आनंद हळूहळू बसत गेला. प्रत्येक जण तो खुबूस चावता चावता तेच मनात म्हणत होता. आता रोज हेच. उन्हाळ्यापर्यंत हेच.

एकनाथनं अर्धा खुबूस ताटात तसाच टाकला आणि हात धुतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंगत बसली. हवाबी आली होती, पायाला तेल लावत होती. सफूरानं सगळ्यांना वाढलं आणि मग समोर उभी राहिली. मान ताठ होती.

‘अम्मा, काल बोंबील दुसऱ्या फेरीत गेला.’

हवाबीचा हात थांबला. ‘गेला? आणि मी नव्हते?’ तिला खरंच वाईट वाटलं असावं, चेहरा पडला. मग तिनं सुनेकडे नीट बघितलं, दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं, आणि तिचे डोळे बारीक झाले. ‘तू बघितलंस?’

‘सगळ्यांनी बघितलं.’

‘विचारते ना. काय हुसैनमियाँ? गेला का?’

हुसैनमियाँ पाच वेळचे नमाजी. त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, तोंडात घातला आणि चावत बसले. तोंडात घास असताना बोलू नये, हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं. ओमप्रकाश म्हणाला, ‘मी फोनवर होतो.’ सफूरानं त्याला म्हटलं, ‘ओमप्रकाशभाई, मोबाइलवर दाखवा ना, तुम्ही मागे दाखवलं होतंत.’ तो म्हणाला, ‘नेट संपलंय.’ बाकीच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. समोर गरमागरम भाकऱ्या, पांढऱ्याशुभ्र, पापुद्रा सुटलेल्या. त्या दिवशी सफूरानं त्या आनंदानं केल्या होत्या, निरोपाच्या म्हणून. तिच्या हातून तितक्या चांगल्या भाकऱ्या आधी कधी झाल्या नव्हत्या.

सफूरा एकनाथकडे वळली. तिला अजूनही काळजी नव्हती. आपल्या वाडीतला माणूस, बापानं खांदा धरून सांगितलेला.

‘एकनाथदादा, सांगा ना.’

एकनाथनं ताटातून मान वर केली नाही.

‘माझं लक्ष नव्हतं गो,’ तो म्हणाला.

हवाबी सगळ्यांकडे एकदा फिरून बघत गेली. ती काय दूधखुळी होती? पोरगा दुसऱ्या फेरीत गेला, हे तिला त्यांच्या खाली घातलेल्या मानांवरूनच कळलं. शब्दही मोडला नाही आणि भाकरीही हातची गेली नाही. तिनं पुन्हा पायाला तेल चोळायला घेतलं.

‘खोटं बोलून माहेरी जायचं नसतं गो बाय. बॅग उचल तिथनं. आणि एकनाथला भाकरी वाढ, ताट रिकामं आहे त्याचं.’

सफूरानं वाढली. काय करणार होती? यासिरला फोन केला तर तो म्हणाला, ‘अम्मा काय खोटं बोलेल का?’ त्यानंतर ती कुणाशी फारसं बोलली नाही. एकनाथला तिनं दादा म्हणणं सोडलं. खरं तर त्याला काहीच म्हणणं सोडलं. त्यानं एकदा जिन्यात अडवून ‘सफू, समजून घे, माणसाच्या पोटाचा प्रश्न असतो,’ असं काहीतरी सुरू केलं. सफूरानं आपल्या आठ महिन्यांच्या पोटावरून हात फिरवला, त्याच्याकडे बघितलं आणि वर निघून आली.

मार्चच्या शेवटी त्या खेळाचा शेवटचा आठवडा असतो, जगातल्या सगळ्यात मोठ्या घसरगुंडीवर. शुक्रवार होता, गॅरेजं बंद, हॉल भरलेला. आणि हवाबीच्या डोळ्यांदेखत बोंबील उडाला तो उडतच राहिला. दुसऱ्या फेरीत गेला, वर एकोणिसावा आला. हवाबी उठून उभी राहिली, टीव्हीवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली, दृष्ट काढली. सफूराला शेवयांची खीर करायला लावली. तिला नववा चालू होता, पाय सुजून वहाणेत मावत नव्हते. खीर वाढून होते तोवर हवाबी कपाट उघडून आली आणि सगळ्यांच्या देखत तिनं पासपोर्ट सफूरापुढे टाकला.

‘घे गो. हवाबीची जबान. आता जा माहेरी!’

हुसैनमियाँ खो खो हसले. ‘अरे हवाबी, आता विमान नाही, तिला ॲम्ब्युलन्स लागेल!’ सगळी पंगत हसली. एकनाथ हसला नाही, त्याला तेवढी लाज होती. त्यानं दुसरी वाटी खीर घेतली.

सफूराला वाकता येत नव्हतं. पासपोर्ट थोडा वेळ तिथेच खरकट्यात पडून राहिला. मग तिनं गुडघे टेकून तो उचलला, पदराला पुसला आणि नेऊन परत हवाबीच्या कपाटात ठेवला. तेव्हा तिनं ते कपाट आतून पहिल्यांदा बघितलं. कुठल्या खणात काय आहे ते नीट बघून घेतलं.

मुलगा झाला, एप्रिलमध्ये, सरकारी दवाखान्यात. यासिर दुक्मला होता. सफूरानं कळ आली तेव्हा हात पुढे केला. नर्सनं तो रबराच्या मोज्यातल्या हातानं बाजूला केला, तिला सुई लावायची होती. सफूरा ओरडली नाही. सव्वा महिना सरायच्या आत ती तव्यापुढे उभी होती. माहेरी जायचं पुढे पुढे ढकललं गेलं. आईनं नातवाला बघितलं ते मोबाइलवर आणि पुढच्या थंडीत ती गेली. हिरवी साडी घडीची घडी राहिली, ती बापानं कुणाला तरी देऊन टाकली.

आता दिवस फिरतात, ते काय कुणाला विचारून फिरतात? मुलगा शाळेत जायला लागला होता तेव्हा, दोन हजार अठराच्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, हवाबीला अर्धांग झालं. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, साखरेनं डोळ्यांवर आधीच पडदा आला होता. चावी सफूराच्या कमरेला आली. मेस सफूराची झाली. यासिर पूर्वी अम्मा म्हणेल ते म्हणायचा, आता सफूरा म्हणेल ते म्हणायला लागला. त्याचं स्वतःचं म्हणणं असं काही कधी नव्हतंच. आणि सफूरानं सासूची सेवा केली, हे सांगायला हवं. वेळेवर खाऊपिऊ घातलं, कूस बदलली, कपडे धुतले. वादी कबीरमध्ये तिचं नाव झालं. सून असावी तर अशी, म्हणाले लोक.

हवाबीची एकच मागणी होती. तिला गावी जायचं होतं. श्रीवर्धनला तिच्या माणसांचं कब्रस्तान आहे, समुद्राजवळ, सुरूच्या झाडांत. तिचा नवरा तिथे आहे. तिला तिथे मरायचं होतं. परक्या वाळूत पुरू नका गो मला, असं ती रडून रडून सांगायची. डॉक्टरनंही सांगितलं होतं, खुर्चीवर बसवून नेता येईल, पण लवकर न्या. यासिर बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला.

एका शनिवारी, डिसेंबरात, पंगत बसली होती. टीव्हीवर तोच बर्फाचा डोंगर. हवाबीला कोपऱ्यात उशांना टेकवून बसवलं होतं. ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. मुद्दामच म्हणाली असेल, चार माणसांत सून नाही म्हणणार नाही म्हणून.

‘सफूरा, मला गावी कधी पाठवतेस गो?’

सफूरा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

‘पाठवीन ना अम्मा. कोण नाही म्हणतंय? बोंबील दुसऱ्या फेरीत गेला की तुम्ही गावी.’

पंगतीतल्यांनी ताटांत माना घातल्या. कारण हवाबी सोडून सगळ्यांना माहीत होतं. बोंबील उडायचा थांबला त्याला आता दोन हिवाळे होत आले होते. गुडघा मोडला म्हणे. ओमप्रकाशनंच मोबाइलवर वाचून दाखवलं होतं, सफूराला.

हवाबीला टीव्हीवर नुसता पांढरा उजेड दिसायचा. पण तिचा चेहरा खुलला. शब्द मिळाला होता, चार माणसांत. तिनं पुन्हा दुवा मागायला सुरुवात केली. दर शनिवारी त्या उजेडाकडे तोंड करून विचारायची, ‘आला का गो माझा बोंबील? गेला का?’ आणि सफूरा स्वयंपाकघरातून सांगायची, ‘नाही गेला, अम्मा. आज थोडक्यात हुकला.’ कधी म्हणायची, ‘आज वारा मागून होता.’ कधी म्हणायची, ‘पोशाख सैल निघाला.’ हवाबी पोरासाठी रडायची.

असा तो हिवाळा सरत गेला. हवाबी खंगत गेली, कपडे तिच्या अंगावर सैल पडायला लागले. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिला काय वाटलं कुणास ठाऊक. सफूरानं ‘नाही गेला’ म्हटल्यावर ती पहिल्यांदाच गप्प बसली नाही. तिनं मान पंगतीकडे वळवली. नवे पोरगे तिला माहीत नव्हते. जुना एकच आवाज तिला ओळखू यायचा.

‘एकनाथ, तू आहेस ना रे? तू सांग. तो बोंबील आहे ना अजून? उडतो ना?’

एकनाथचे केस पिकले होते. त्याचा घास हातातच राहिला. त्यानं दाराकडे बघितलं. सफूरा तिथे उभी होती, हातावर नुकतीच थापलेली भाकरी, आणि त्याच्याकडेच बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे.  

‘माझं लक्ष नव्हतं, हवाबी,’ एकनाथ म्हणाला.

हवाबी ऐकत राहिली. बाकी कुणी काही बोलतं का, याची तिनं बराच वेळ वाट पाहिली. भाकऱ्या मोडल्याचे, कालवण ओरपल्याचे आवाज येत होते. हे असं गप्प बसणं तिनं एकदा स्वतः ऐकलं होतं आणि त्यावर स्वतःच पायाला तेल चोळत बसली होती. तिला कळलं. तिचं तोंड वाकडं झालं, रडायला आलं असावं, पण डोळ्यांतून पाणी काही आलं नाही. तिनं हळूहळू मान भिंतीकडे वळवली.

सफूरा आत गेली. हातावरची भाकरी तिनं तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली. मग बाहेर येऊन ती एकनाथच्या ताटात वाढली.